गल्लीचं नाक

लग्न होऊन मी बदनापूरहून जुन्या जालन्यात आले, त्या दिवशी मी माप ओलांडून आत येते न येते तोच शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले. आत यायचं नाव नाही, उंबऱ्याच्या बाहेरच. डोळे मिटलेले, मान जरा कलती, डाव्या नाकपुडीवर बोट. मला वाटलं, म्हातारा माणूस, आशीर्वाद पुटपुटत असेल. तर डोळे उघडून सासूबाईंना म्हणतात कसे, "सूनबाईच्या ट्रंकेत डांबरगोळ्या फार झाल्या. साड्या उन्हात टाका, न्हाई तर पोरीचं डोकं दुखंल." एवढं बोलून चालू पडले.

मी नवी नवरी, मान खाली घालून उभी. पण आतून असा संताप आला म्हणता! माझ्या आईनं एकेक साडी घडी करून ठेवलेली आणि हा कोण उपटसुंभ माझ्या ट्रंकेचा वास घेणारा? सासूबाई मात्र हसत होत्या. म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नको. आपल्या गल्लीचं नाक आहे ते." आणि खरंच सांगते, रात्री माझं डोकं दुखलं.

नाक म्हणाल तर बघण्यासारखं काहीच नव्हतं. बसकं, इवलंसं. चष्मा टिकायचा नाही त्याच्यावर, घसरत घसरत शेंड्यापर्यंत यायचा. पण त्या एवढ्याशा नाकानं काकांनी जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नाव कमावलं होतं. बंद टोपलीत काय आहे ते पावती न बघता सांगायचे. चहा आहे, चामडं आहे, सुकी मिरची आहे, आणि मिरचीला पाणी लागलंय. हमालांमध्ये पैजा लागायच्या म्हणे. निवृत्त झाले तरी नाक काही निवृत्त झालं नाही. स्टेशनवरची सगळी हुशारी आमच्या गल्लीवर उतरली.

सकाळी एक आणि दिवेलागणीला एक, अशा काकांच्या दोन फेऱ्या असायच्या. कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, चहा घ्यायचा नाही. दारात उभं राहायचं, निकाल सांगायचा, पुढं जायचं. "लोणच्याला बुरशी धरून राह्यली, वरचं काढून टाक." "मोरीचा पाइप तुंबलाय." "पोराला ताप येणार, तोंडाचा वास बदललाय त्याच्या." लोक चिडायचे, पण जाऊन बघायचे, आणि बघितलं की बहुतेक तसंच निघायचं. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. कुणी नाक मुरडून "शी, काय घाण वास!" म्हटलं की काका लगेच अडवायचे. "वास वाईट नसतो गं. उशीर वाईट असतो. वास बिचारा सांगायला येतो."

माझी आणि त्यांची तर रोजचीच जुंपायची, कारण आमची भिंत एक. माझे हे एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात. बियाण्याला लावायच्या औषधाचा उग्र दर्प अंगाला घेऊनच संध्याकाळी घरी यायचे. काका आपल्या ओट्यावरून ओरडायचे, "आधी नळाखाली उभं कर त्याला, मंग चहा दे!" एकदा मी वैतागून म्हटलंच, "काका, तुमच्या नाकाला एखादं झाकण करून घ्या की. माप द्या, मी सांगते तांबट आळीत."

काकांनी घसरलेला चष्मा वर सरकवला. म्हणाले, "झाकण करतो. पण मंग तुझं दूध लागलेलं कोण सांगणार? जा आत."

मी पळाले. दूध बुडाला लागलं होतं.

आमच्या समोर आपांचं घर. आपांचे मालक टेम्पो चालवतात, आपा घरी बसून दुपट्ट्यांना जरीचा गोटा लावतात. काका माळकरी नसले तरी अंड्यालाही न शिवणारे. एकदा गल्लीत नवीन भाडेकरू आले. त्यांनी काकांना गाठून मोठ्या आशेनं विचारलं, "तुमचं नाक एवढं तेज, समोरच्या मटणाचा वास तुम्हाला सहन कसा होतो?" काका त्यांच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मटणाला मटणाचाच वास येणार. त्यात तक्रार कसली? कांदा जाळला तर मी बोललो असतो. आपा कांदा जाळत न्हाईत." आपांनी दारामागून ऐकलं होतं. त्यानंतर ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी काकांकडं जायला लागली.

आणि आपांच्या फ्रीजमागची तार जळायला लागली होती, तेव्हाही काकाच धावले होते. घरात कुणी नव्हतं, आपा दुकानात गेलेल्या. धूर नाही, ठिणगी नाही, आणि काका गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडतायत, "मेन बंद करा, मेन बंद करा!" लोकांना वाटलं, म्हातारा बहकला. फ्रीज सरकवला तेव्हा मागं भिंत काळी झालेली. त्या दिवसापासून नाकाला हसणारं कुणी उरलं नाही. हसायचो आम्ही, पण त्यांच्या पाठीमागं, आणि तेही मायेनं.

काकू गेल्यावर काका एकटे पडले. मुलगा पुण्याला नोकरीला. चांगला पोरगा, पण वडिलांच्या मागं एकच धोशा, पुण्याला चला. काका त्याला फोनवर मोठमोठ्यानं समजवायचे, मला भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू यायचा. "एकटा असलो म्हणून काय झालं? गॅस सुटला तर मला आधी कळतं. दूध नासलं तर कळतं. तार जळाली तर शेजाऱ्याची पण कळते. तुला ते दाराला कॅमेरे बसवावे लागतात, मला नाक दिलंय देवानं. मी बिलकुल येणार न्हाई." आणि मुलगा दरवेळी हार खायचा. नाक हाच काकांचा वकील होता.

बापलेकांचा एक जुना खेळ होता. पोरगा लहानपणी शाळेतून आला की पिशवी पाठीमागं धरून दारात उभा राहायचा. "ओळखा बाबा." आणि बाबा तिथूनच सांगायचे, पेरू, चिंचा, कुणाच्या तरी डब्यातली चकली. आता पन्नाशीला टेकलेला माणूस, पण पुण्याहून आला की आधी दारात उभा राहणार, पिशवी पुढं धरणार, "ओळखा." काकांनी ओळखल्याशिवाय चपला काढायचा नाही.

आता कुरडयांचं सांगते, कारण सगळं घडलं ते त्याच्यामुळं.

आमच्या गल्लीत कुरडया घरोघर नाही होत, सगळ्यांच्या मिळून होतात. काकांच्या जिन्याखाली गार सावली आणि काकूंचं माहेरचं मोठं पितळी घंगाळ. चैत्र लागला की जिची तिची पायली दोन पायली गव्हाची त्यात पडायची. गहू भिजला की रोज पाणी बदलायचं, आंबू द्यायचा, मग वाटून चीक काढायचा आणि शिजवून गच्चीवर सोऱ्यानं कुरडया घालायच्या. लोक तीन दिवस मोजतात. आमच्याकडं दिवस कुणी मोजायचं नाही. काकू होत्या तेव्हापासून रीत अशी, की काकांनी घंगाळावर वाकायचं, वास घ्यायचा, आणि बरोबर झालं की गल्लीत येऊन आरोळी ठोकायची, "आंबलं गं!" की निघाल्या सगळ्या बाया पातेली घेऊन. एका वर्षी ढगाळ हवा होती, काकांनी आम्हाला जास्त थांबवलं. आम्ही कुरकुरलो, पण त्या वर्षीसारख्या पांढऱ्याशुभ्र कुरडया पुन्हा झाल्या नाहीत. तेव्हापासून त्यांच्या शब्दापुढं कुणी जाईना. काकू गेल्यावरही काकांनी घंगाळ मोडीत काढलं नाही. उलट पाणी बदलायचं कामही स्वतःकडं घेतलं.

दोन वर्षांमागं थंडीत काकांना मोठा ताप आला. चांगले आडवे झाले. मी पेज न्यायची, आपा सूप द्यायच्या, अर्थात भाज्यांचं, वेगळ्या पातेल्यातलं. हळूहळू उठून बसले. पण फेऱ्या बंद झाल्या. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. गल्ली अशी शांत झाली की करमेना. एकदा माझं वरण करपलं, मी गॅस बंद करून वाट बघत उभी, आता येतील, आता बोलतील. कुणीच आलं नाही. मी सासूबाईंच्या फोटोकडं बघून म्हटलं, "काका सुधारले बहुतेक." काय मूर्ख मी!

मग चैत्र आला, गहू भिजला, आणि दोन-चार दिवसांत गल्लीत वास सुटला.

साधासुधा वास नाही बाई. नाकात शिरला की डोळ्यांत पाणी. मी आधी माझं घर उलटं केलं. उंदीर मेला असणार म्हणून कपाटं ओढली, पलंग हलवला, माळ्यावर चढले. पलीकडच्या वहिनींनी मोरी खरडून काढली. भाडेकरूंनी गटार साफ करणाऱ्याला बोलावलं. आपांनी फ्रीज रिकामा केला. प्रत्येकीला वाटायचं, वास आपल्याच घरातून येतोय, आणि काका आजारातून उठलेत म्हणून बिचारे बोलत नाहीत. घंगाळाचं नाव एकीच्याही मनात आलं नाही. काका स्वतः त्याच्याजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसलेले, मग गहू सडेल कसा? एवढा विश्वास देवावरसुद्धा कुणी ठेवत नसेल.

दुपारची वेळ होती. मी माझ्या जिन्यावरून खाली येत होते आणि भिंतीच्या झरोक्यातून असा भपकारा आला की मला घेरी आल्यासारखं झालं. म्हटलं, हे तर काकांकडून! पदर नाकाला लावून तशीच त्यांच्याकडं गेले. जिन्याखाली घंगाळ, वर काळपट फेस, बुडबुडे, माशा. शेजारी काका खुर्चीत, हातात वर्तमानपत्र, निवांत.

"काका, हे काय?"

"गहू."

"हा गहू दिसतोय तुम्हाला?"

"अजून आंबला न्हाई," ते म्हणाले. "यंदा उशीर करून राह्यला. वास धरंना म्हणून मी पाणी बदलणं बी बंद केलं. म्हटलं, जरा जोर धरू दे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्याकडं नाही, माझ्या पदराकडं. मी पदर कसा गच्च धरलाय, ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"फार येतोय का गं?"

"हो काका."

वर्तमानपत्राची घडी घातली त्यांनी, नीट, चार वेळा. मांडीवर ठेवली.

"तापानंतर गेलं," म्हणाले. "मला वाटलं, येईल परत. काकूची तेलाची बाटली आहे ना, तिच्या केसांच्या तेलाची, ती मी रोज उघडायचो. एक दिवस उघडली तर काहीच न्हाई. मी म्हटलं, जुनी झाली, उडून गेला वास. दुकानातून तीच नवी आणली. ती उघडली. तीत बी न्हाई. तेव्हा कळलं, तेल बराबर आहे, मीच रिकामा झालो."

मला रडू आलं. त्या घाणीत, पदर नाकाला, मी उभ्या उभ्या रडले. आणि रडता रडता एकदम एक विचार आला.

"आणि गॅस?" मी ओरडले. "काका, गॅस सुटला तर? मोरीतला उंदीर कळला न्हाई तर न्हाई, पण गॅस! भिंत एक आहे आपली! तुम्ही सकाळी उठून काडी ओढता त्या उदबत्तीला!"

काका एवढेसे झाले. "रविवारी येतोय तो," म्हणाले. "त्याला जर कळलं तर त्याच दिवशी घेऊन जाईल. तिथं मी काय करू गं? आठव्या मजल्यावर. कुणाच्या दारात उभा राहू? तू सांगू नको. दोन हात जोडतो."

आता मला सांगा, मी काय करावं? न सांगावं तर उद्या काही झालं तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. सांगावं तर या माणसाला मुळासकट उपटून पुण्याला पाठवल्यासारखं. मी तशीच आपांकडं गेले. त्यांच्या हातात गोट्याचं काम होतं. सगळं ऐकून घेतलं, सुई दुपट्ट्यात टोचून ठेवली आणि म्हणाल्या, "मेरेकू मालूम है. ईद के दिन शीरखुर्मा जल गया था. थोडा नै, पूरा. मैं शरम के मारे दूसरा बना री थी, तब तक पोरीनं जली हुई वाटी भाईसाबकू दे दी. चाटून खाल्ली त्यांनी. बोले, क्या खुशबू है."

"मग तुम्ही काही बोलल्या न्हाईत?"

"क्या बोलती? जिसने मेरा घर बचाया उसकू बोलूं, तेरी नाक गई?"

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं आणि काकांपुढं जाऊन मीच सांगितलं, चांगलं खडसावून. गॅसचं सिलेंडर आजच्या आज माझ्या घरात. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर विजेची शेगडी. उदबत्ती मी येऊन लावणार. दूध, भाजी, काहीही तोंडात घालायच्या आधी भिंतीवर टकटक करायची, मी येऊन बघणार. "हे कबूल असेल तर मी गप्प बसते. न्हाई तर रविवारी दारातच सांगते तुमच्या पोराला." काका मान हलवत गेले, एकेका अटीला. एवढा गरीब चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, आणि मला तो आवडलाही नाही.

राहिलं ते घंगाळ. आपांच्या मालकांनी टेम्पो दारात लावला, दोन ड्रम आणले आणि तो सगळा सडका माल भरला. त्यांच्या एका नातेवाइकाचं गावाबाहेर शेत, तिथं उकिरड्यात टाकायचा. ड्रम हलवले तसा वास उसळला, घराघरातून माणसं नाक धरून बाहेर. "काय आहे हो? कुणाचं आहे?" मी काहीतरी थाप शोधतेय, तोवर आपा कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"हमारे घर का है! बकरे के पाये थे, फ्रीज बंद पडा था. माफी करा सगळ्यांनी!"

लोक कुरकुरत आत गेले. भाडेकरीण तर मान अशी हलवत गेली, जणू तिला आधीपासून ठाऊकच होतं. मी आपांकडं बघितलं. त्या हसल्या, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "जाने दे. लोगां वैसे भी हमारेच घर का नाम लेते. आज कम से कम कुछ काम तो आया." मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांचा हात धरला.

गहू कुठं गेला विचारतील म्हणून बाकी बायांना मी सांगितलं की नळाचं पाणी साठवून शिळं झालं होतं, गहू बिघडला. आमच्याकडं नळाला पाणी येणं म्हणजे सणच, त्यामुळं साठवलेल्या पाण्यावर काहीही खपतं. सगळ्यांनी "हो का, हो का" केलं. गव्हाबद्दल एकीनंही तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा मला वाटलं, यांना पटलं. आता वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं.

रविवारी मुलगा आला. मी काकांच्या ओट्यापाशी नव्या शेगडीवर चहा ठेवत होते. तो उंबऱ्यात आला, वाकून नमस्कार केला. काकांनी त्याला जवळ ओढलं, छातीशी धरलं. आणि मला तिथपर्यंत दरवळ आला. सिगारेट! नुकतीच ओढलेली. हा पोरगा कॉलेजात असताना एकदा ओढून आल्ता, तेव्हा काकांनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच पकडून अख्ख्या गल्लीसमोर उभं केलं होतं. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "वाळलास रे."

मी मनात म्हटलं, संपलं.

पण पोरगा सरळ झाला. दोन पावलं मागं गेला, पिशवी पुढं धरली. "ओळखा बाबा."

काका खुर्चीत सरळ झाले. डोळे मिटले. मान कलती केली, डाव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. सगळं अगदी पूर्वीसारखं. फक्त दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा आवळून धरला होता, ते मला दिसत होतं. मला दारातूनच कळलं होतं काय आहे ते, पिकलेल्या हापूसचा घमघमाट घरभर पसरला होता. मी चहा ढवळता ढवळता खिडकीतून हाक मारली, "आपा! संध्याकाळी दूध जास्तीचं घेऊन ठेवा बरं का! आमरसाला लागंल!"

मग काकांनी डोळे उघडले.

"हापूस," म्हणाले. आणि माझ्याकडं एकदा बघून, पहिल्यासारख्या रुबाबात, "आणि त्यातला एक डागी आहे. दुकानदारानं तुला फसवलं."

आंबे काढले. एक डागी निघाला. पेटीभर आंब्यांत एक डागी असतोच की हो! पण मुलगा खळखळून हसला, काका हसले, मी पण हसले. चपला निघाल्या. जेवताना त्यानं शेगडीबद्दल विचारलं, तर काका म्हणतात, "गॅसचा वास सहन होत न्हाई आता. नाक फार तेज झालंय." या माणसाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी निघताना मुलगा माझ्याकडं आला. दारातच उभा राहिला, अगदी बापासारखा.

"वहिनी, मी सिगारेट सोडून कैक वर्षं झाली. काल कोपऱ्यावर थांबून मुद्दाम ओढली."

मी हातातला झाडू खाली ठेवला.

"बाबा हल्ली फोनवर काहीच म्हणत नव्हते. ना गल्लीची तक्रार, ना शेजारच्यांची, ना तुमची. तेव्हाच शंका आली. काल मला छातीशी धरलं आणि गप्प राहिले, तेव्हा खात्री झाली."

"मग पिशवी कशाला पुढं धरली?" मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "खुर्चीचा दांडा कसा आवळून धरला होता बघितलंस? एवढा छळ कशाला करायचा म्हाताऱ्याचा?"

"त्यांचं बघायचं नव्हतं, वहिनी. त्यांच्या शेजारी कोण उभं आहे ते बघायचं होतं." त्यानं काकांच्या दाराकडं बघितलं. "मी त्यांना न्यायलाच आल्तो. सामान बांधायचं ठरवून. तुम्ही आमरसाचं ओरडलात आणि मग माझ्याच्यानं बोलवलं न्हाई."

मी त्याला सगळं सांगितलं. सिलेंडर, टकटक, उदबत्ती. त्यानं ऐकून घेतलं, माझे पाय धरायला वाकला, मी मागं सरले. "त्यांना कळू देऊ नका, मला कळलंय म्हणून," एवढंच म्हणाला आणि रिक्षात बसला.

त्यानंतर काकांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. कशा, ते सांगते. सकाळी भिंतीवर टकटक व्हायची. मी जायची. काका तयार होऊन बसलेले, टोपी घालून. "बोल," म्हणायचे. मी सांगायची, "पलीकडच्या वहिनींनी मेथी निवडून तशीच ठेवलीय, सडायला लागली. आपांचं दूध उतू गेलं. भाडेकरूंचे बूट ओले आहेत." काका मान डोलवत ऐकायचे आणि मग निघायचे. दारोदार उभे राहायचे, डोळे मिटायचे, बोट लावायचे. "आपा, दूध उतू गेलं." आणि आपा कपाळावर हात मारायच्या, "या अल्ला, क्या नाक है भाईसाब की!" भाडेकरीण धावत जाऊन बूट उन्हात ठेवायची. कुणी हसलं नाही, कुणी डोळा मारला नाही. एकदा मी माहेरी गेले होते, तर परत आल्यावर कळलं की तेवढे दिवस भाडेकरीणच सकाळी काकांकडं जाऊन बसत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

कधी कधी काका नुसतंच विचारायचे. "आज काय आहे?" मी सांगायची, "कडुलिंबाला मोहोर आलाय काका." "कसा येतोय?" आता लिंबाच्या मोहोराचा वास कसा सांगायचा? मी म्हणायची, कडू गोडसर, दुरून बरा, जवळ गेलं की काहीच नाही. ते डोळे मिटून म्हणायचे, "बराबर. तसाच असायचा." माझ्या सांगण्यात चूक झाली तर रागवायचे. पावसानंतरच्या गटाराला मी नुसतं 'घाण' म्हटलं, तर म्हणाले, "घाण म्हणजे काय? आंबट का कुजकट? नीट सांग. एवढं चांगलं नाक देवानं दिलंय आणि वापरत न्हाईस."

पुढच्या चैत्रात घंगाळात पुन्हा गहू पडला. सगळ्यांचा. पायलीला पायली, एकीनंही कमी टाकला नाही. काका रोज पाणी बदलायचे, वाकून वास घ्यायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायची, अजून नाही. मग एके सकाळी मी पापण्या मिटल्या. काका कमरेवर हात ठेवून सावकाश उठले, गल्लीच्या मधोमध गेले आणि अशी आरोळी ठोकली की कबुतरं उडाली. "आंबलं गं!" बाया पातेली घेऊन धावल्या. त्या वर्षीच्या कुरडया काही खास झाल्या नाहीत, जरा पिवळटच झाल्या. सगळ्या म्हणाल्या, काका, यंदासारख्या कधी झाल्या नाहीत.

दिवाळीनंतर काका गेले. झोपेतच, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. मुलगा आला, सगळं केलं. घर अजून ठेवलंय त्यानं. घंगाळ मात्र माझ्या जिन्याखाली आणून ठेवलं स्वतःच्या हातानं.

यंदा चैत्रात मी गहू भिजवला. रोज पाणी बदललं. त्या सकाळी उठले तर वास बरोबर आला होता, आंबूस, जराही पुढं न गेलेला. मी ओट्यावर येऊन बसले. पलीकडच्या वहिनी पातेलं घेऊन आपल्या दारात. भाडेकरीण तिच्या दारात. वास साऱ्या गल्लीत पसरलेला, सगळ्यांना कळत होतं, गहू तयार आहे. पण एकही बाई उठेना. ऊन चढायला लागलं. चीक काढायला उशीर होत होता, आणि आम्ही नुसत्या एकमेकींकडं बघत बसलो होतो. मी दोनदा ओरडायला उठले आणि दोनदा परत खाली बसले.

शेवटी आपांनी दुपट्टा डोक्यावर सारखा केला, गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटले, डाव्या नाकपुडीवर बोट ठेवलं आणि जोरात ओरडल्या,

"आंबलं गं!"